कुत्र्याचा खाऊ: डबी एक, हात सात

आमच्या घरात माणसं पाच, पण गुंड्याला खाऊ घालणारे सात. पाच आम्ही, सहावा सकाळी दूध घालायला येणारा, आणि सातवे शेजारचे अज्जा. चहाला बसले की बशीतलं बिस्कीट अर्धं त्यांच्या तोंडात आणि अर्धं कुंपणावरून गुंड्याच्या. प्रत्येकजण "एकच तर दिलं की" म्हणायचा आणि खरोखर एकच द्यायचा. दीड वर्षात गुंड्या 15 किलोंवरून 19 वर गेला. डॉक्टरांनी बरगड्या चाचपल्या, सापडल्या नाहीत, पुन्हा चाचपल्या आणि विचारलं, "याला खायला किती देता?" मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, दोन्ही वेळचं मोजून देतो. "बरं. आणि न मोजता?"

त्या प्रश्नानंतर आमच्याकडे जे जे बदललं ते इथे लिहिते आहे. घरात नुकतंच पिल्लू आणलं असेल, किंवा गल्लीतलं एखादं कुत्रं आपणहून पायरीवर येऊन राहिलं असेल, तर उपयोगी पडेल. खाऊ बंद करा असं मी सांगणार नाही. खाऊशिवाय पिल्लाला चार गोष्टी शिकवून दाखवा, मग बोलू. फक्त तो जेवणावर वरकड नसतो, जेवणातलाच एक भाग असतो, हे आधी घरातल्या सगळ्यांच्या गळी उतरवावं लागतं.

आधी वजन

लहान कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभं राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा. मोठं कुत्रं उचलवत नाही. गुंड्याला आम्ही ओळखीच्या आडत्याकडे बटाट्याची पोती मोजायच्या काट्यावर बसवलं होतं. हमालांची करमणूक झाली, पण आकडा बरोबर आला. दवाखान्यातला काटा तर आहेच, तिथे केवळ वजनासाठी गेलात तर सहसा कोणी नाही म्हणत नाही.

नुसत्या वजनावरून सगळं कळत नाही, म्हणून बरगड्या बघायच्या. आपला हात सरळ पालथा धरा आणि दुसऱ्या हाताची बोटं बोटांच्या मागच्या हाडांवरून फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या तेवढ्याच हाताला लागल्या तर ठीक. मूठ वळल्यावर वर येणाऱ्या सांध्यांसारख्या टोचल्या तर कुत्रं बारीक आहे. तळहातावरून बोट फिरवल्यावर जसं लागतं तसं लागलं, म्हणजे हाडं आत कुठेतरी आहेत एवढाच अंदाज, तर आमच्या गुंड्याच्या रांगेत या. शिवाय वरून बघितल्यावर बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसली पाहिजे.

एक अपवाद आपल्याच, म्हणजे बेळगाव-बागलकोटकडच्या, भागातला. मुधोळ हाउंड, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी कारवान. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी नावारूपाला आणलेली ही जात 2005 साली टपाल तिकिटावरही आली. अंगानेच शेलाटी, पळण्यासाठी घडलेली. तिच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या नुसत्या डोळ्यांना दिसणं हे तब्येतीचं लक्षण आहे, उपासमारीचं नव्हे. तरी बघणाऱ्याला दया येते आणि तो भाकरी वाढवतो. मुधोळ पाळलात तर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे सल्ले ऐकायची तयारी ठेवा, आणि ऐकून सोडून द्यायचीही.

मग आकडा

नसबंदी झालेल्या, रोज दोनदा फिरणाऱ्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण किती कॅलरी लागतात त्याचा अंदाज असा: 4 किलोच्या पामेरियनला 320 च्या आसपास, 10 किलोच्या कुत्र्याला 630, आपल्याकडच्या 15 किलोच्या गावठी कुत्र्याला 850, 25 किलोच्या मुधोळला 1250 आणि 30 किलोच्या लॅब्रेडॉरला 1430. वाढतं पिल्लू, गाभण किंवा पाजणारी कुत्री, शेतावर दिवसभर पळणारं कुत्रं यांचा हिशेब वेगळा असतो, तो डॉक्टरांना विचारून ठरवायचा.

यातले दहा टक्के खाऊचे, त्याहून जास्त नाही. बाकीचे नव्वद टक्के पूर्ण आहारातून यायला हवेत, कारण खाऊत सगळी पोषणद्रव्यं नसतात. म्हणजे 15 किलोच्या गुंड्याच्या वाट्याला 85 कॅलरी. ऐकायला बऱ्या वाटतात. पण साधं ग्लुकोजचं एक बिस्कीट साधारण 25 कॅलरींचं असतं. तीन बिस्किटं झाली की दिवसाचा खाऊ संपला. तेल लावलेली एक चपाती 100 च्या वर जाते, म्हणजे तिथे कोटा संपून उधारी सुरू. आणि पामेरियनला तर एका बिस्किटातच दिवस उरकतो. आमच्याकडे सात माणसांची सात "एकच" होती, त्यातली दोन चपातीची.

हे 85 जेवणाच्या वर नव्हेत. खाऊ तेवढा दिला तर जेवण तेवढं कमी करायचं. खाऊ दिलाच नाही तर जेवण पूर्ण.

हा काटेकोरपणा उगाच नाही. 48 लॅब्रेडॉरवर त्यांच्या जन्मभर चाललेला एक अभ्यास 2002 साली छापून आला. जोडीतल्या एकाला जेवढं दिलं त्याच्या पाऊण पट दुसऱ्याला. पाऊण पट खाणारी कुत्री मध्यकाने (निम्मी त्याहून कमी, निम्मी जास्त) 13 वर्षं जगली, भरपूर खाणारी 11.2 वर्षं, आणि सांधेदुखीची औषधंही पहिल्यांना उशिरा लागली. मी हे घरी वाचून दाखवलं. आई म्हणाली, "दोन वर्षं?" त्या दिवसापासून तिच्या ताटातून खाली काही पडत नाही.

डबी

सकाळी एक छोटी स्टीलची डबी घ्यायची. दिवसाचा खाऊ मोजून तिच्यात भरायचा आणि सगळ्यांचा हात पोचेल, पण कुत्र्याचं तोंड पोचणार नाही अशा जागी ठेवायची. ज्याला द्यावंसं वाटेल त्याने त्यातलंच द्यायचं. डबी रिकामी म्हणजे आज बंद. कोणी किती दिलं याची चौकशी नाही, भांडण नाही. एकत्र कुटुंबात हे वहीत लिहून ठेवण्यापेक्षा सोपं जातं. वही आम्ही चार दिवस चालवली, पाचव्या दिवशी पेन सापडलं नाही.

अज्जांचं काय करायचं हा अवघड प्रश्न होता. माणूस ऐंशीच्या घरातला, गुंड्याशी रोजची बैठक. त्यांना "देऊ नका" म्हणणं बरं दिसत नव्हतं. म्हणून त्यांना वेगळी पिटुकली डबी दिली, आत गाजराचे दहा तुकडे. उघडून बघितलं आणि कानडीत म्हणाले, "इष्टेना?" एवढंच का, म्हणून. पण मग दहाही तुकडे एकेक करून, मध्ये गप्पा मारत, अर्धा तास पुरवले. पूर्वीचं अर्धं बिस्कीट दोन सेकंदांत संपायचं.

यातच तुकड्याच्या आकाराचं मर्म आहे. आपल्याला काहीतरी मिळालं याचा कुत्र्याला आनंद. केवढं मिळालं याचा हिशेब ते ठेवत नाही. मोठ्या कुत्र्यालाही वाटाण्याएवढा तुकडा पुरतो, लहान जातीला हरभऱ्याच्या डाळीएवढा. बिस्कीटच द्यायचं असेल तर त्याचे आठ तुकडे करा.

डबीत काय भरायचं

कुत्रं कोरडं खाद्य खात असेल तर सगळ्यात सोपा खाऊ तेच खाद्य. सकाळच्या मापातलं मूठभर बाजूला काढायचं. घरात नेहमीच्या कामाला हे चालतं. बाहेर रस्त्यावर, दुसरं कुत्रं समोर असताना मात्र ते फिकं पडतं, तिथे जरा चवीचं लागतं.

चवीचं म्हणजे उकडलेलं चिकन. मीठ नाही, मसाला नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही. कातडी आणि हाडं काढायची, थंड झालं की नखाएवढे तुकडे करून थोडे थोडे वेगळे बांधून फ्रीजरमध्ये. छातीचं 50 ग्रॅम मांस म्हणजे गुंड्याच्या 85 कॅलरी जवळपास पूर्ण. चिकनचं काळीज कुत्री जीव टाकून खातात, पण त्यात अ जीवनसत्त्व खूप असतं, म्हणून ते आठवड्यातून एखाद्या वेळी.

रताळं तर आपल्या घरचंच. बेळगाव-खानापूरच्या मातीत पिकतं आणि हंगामात बाजार भरून येतं. साल काढून वाफवायचं, सुरी जाईल एवढंच, गाळ होऊ द्यायचा नाही. मग बारीक फोडी. 100 ग्रॅमला 85-86 कॅलरी. फ्रिजमध्ये तीन दिवस राहतं. पावसाळ्यात चकत्या उन्हात वाळवायच्या भानगडीत पडू नका. आपल्या पावसात त्या वाळत नाहीत, बुरसतात.

गाजर आणखी हलकं, 100 ग्रॅमला 40 च्या आसपास. काकडी तर निम्म्याहून कमी. उकडलेली फरसबी, लाल भोपळा, बिया काढलेलं सफरचंद किंवा कलिंगड, हे सगळं चालतं. सगळं एकदम सुरू करू नका. नवी वस्तू पहिल्या दिवशी एक-दोन तुकडे, दोन दिवस शी बघायची, मग पुढे.

निपाणी-चिकोडीकडे कितीतरी जैन घरांत कंदमुळं येत नाहीत. तिथे गाजर आणि रताळं बाद. पण काकडी, भोपळा, फरसबी आणि पनीरचे अगदी बारीक तुकडे यांवर निभतं. शिवाय कांदा-लसूणच घरात नाही म्हणजे कुत्र्याची एक मोठी काळजी आपोआप मिटलेली.

आणि चिरमुरे. हे कुठल्या पुस्तकात मिळणार नाही, पण आपल्या भागात ज्या घरात चिरमुऱ्याचा डबा नाही ते घर मी बघितलेलं नाही. एक दाणा म्हणजे जवळजवळ नुसती हवा, दाताखाली आवाज करतो आणि पिल्लाला तो फार आवडतो. त्यात मीठ असतं, म्हणून एका वेळी पाच-सात दाणे, मूठभर नाही. आणि कोरडेच. भडंग नाही, त्यात लसूण आणि तिखट दोन्ही असतं.

श्रावणात घरात मांसाहार बंद झाला की कुत्र्याचंही ताट एका दिवसात बदलतं आणि मग जुलाब. त्याला शाकाहारावर आणायचंच असेल तर आठवडाभर आधीपासून हळूहळू आणा. खाऊपुरतं चिकन चालवून घेणार असाल तर त्याच्या दृष्टीने उत्तमच.

बाजारातलं पाकीट घेताना पुढचं चित्र बघू नका, मागची बारीक अक्षरं वाचा: एका तुकड्याला किती कॅलरी, घटकांच्या यादीत मीठ-साखर किती वर. कॅलरी लिहिलेल्याच नसतील तर मी ते पाकीट परत ठेवते.

द्यायचा कसा

खाऊ ही मजुरी समजा. काम झालं की लगेच, दीड-दोन सेकंदांच्या आत. पिल्लू बसलं, तुम्ही डबी शोधायला गेलात आणि येईपर्यंत ते उठून भुंकायला लागलं, अशा वेळी खाऊ दिलात तर मजुरी भुंकण्याची झाली.

पहिला धडा असा. चिमटीतला तुकडा पिल्लाच्या नाकाशी न्या, हळूहळू वर आणि डोक्याच्या मागे न्या. मान वर गेली की ढुंगण आपोआप खाली टेकतं. टेकलं त्याच क्षणी "शाबास" आणि तुकडा. पाच-सहा वेळा करा आणि थांबा. दिवसात असे तीन-चार छोटे धडे पुरेत. शब्द नंतर जोडायचा, पिल्लू न चुकता बसायला लागल्यावर.

शब्द मात्र घरात एकच ठरवा. गुंड्याला आई "बस" म्हणायची, भाऊ "सिट" आणि अज्जा कानडीत "कुंद्रु". तो बिचारा तिघांकडे आळीपाळीने बघायचा आणि शेवटी आडवा व्हायचा. आता "बस" सगळ्यांचं. "बा", म्हणजे कानडीतलं "ये", मात्र अज्जांचंच राहिलं. त्या हाकेला तो जितका धावतो तितका आमच्या "ये" ला नाही.

पिल्लू दात लावत असेल तर चिमटीतून नको, उघड्या तळहातावर ठेवून द्या. दोन कुत्री असतील तर दोघांना अंतर ठेवून. आणि आपण जेवत असताना ताटातलं कधीच नाही. एकदा दिलंत की पुढची दहा वर्षं प्रत्येक घासाला दोन डोळे.

हे कधीच नको

द्राक्षं आणि बेदाणे सगळ्यात वर. अथणीपासून विजापूर, तासगावपर्यंत द्राक्षांचा पट्टा आपल्या आसपास, म्हणून हंगामात घरोघरी पेट्या. कुत्र्याच्या मूत्रपिंडावर याचा घाव बसतो. किती खाल्ल्यावर बसेल ते कुत्र्यागणिक बदलतं, म्हणून "दोन दाण्यांनी काय होतं" हा हिशेब इथे लागू नाही. गोकाकचं करदंट (डिंक-सुकामेव्याची मिठाई) घरात आलं की त्यात मनुका असू शकतात हे लक्षात ठेवा. कुंद्यात तसलं विष नाही, पण आटवलेलं दूध आणि साखर म्हणजे पोटाला भार आणि डबीला उधारी.

कांदा आणि लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, कच्चे असोत, शिजलेले असोत किंवा मसाल्याच्या पुडीतले. एकदा रस्सा चाटला म्हणून कुत्रं कोसळत नाही. पण रोज रश्शात भाकरी कुस्करून देण्याची जी आपल्याकडे पद्धत आहे, तिच्यात ते साठत जातं आणि लक्षणं काही दिवसांनी दिसतात: हिरड्या पांढुरक्या, लघवी गडद लाल.

शिजलेली हाडं. गावची यात्रा झाली की घरोघरी मटणाचा बेत आणि दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर हाडांचा ढीग. शिजलेलं हाड दाताखाली फुटून त्याच्या टोकदार चिपा होतात, त्या घशात अडकतात नाहीतर आतडं फाडतात. वर चरबी खाऊन स्वादुपिंडाला सूज येते ते वेगळंच. यात्रेच्या दोन दिवसांत कुत्रं मोकळं सोडू नका, आणि पाहुण्यांना जेवायला बसण्याआधीच सांगून ठेवा. हातात नळी असताना सांगितलेलं कोणी ऐकत नाही.

मक्याची कणसं भाजून खाल्ल्यावर उरलेलं बुरकुंड कुत्री गिळतात आणि ते आतड्यात तसंच बसतं, बहुतेकदा शस्त्रक्रिया करूनच काढावं लागतं. आंब्याच्या कोयीचंही तेच. शेंगदाणे बिनमिठाचे दोन-चार चालतात, पण बुरशी आलेले शेंगदाणे किंवा मका "जनावरांना होईल" म्हणून कुत्र्यापुढे टाकू नका. त्या बुरशीचं विष यकृत खराब करतं आणि भाजून-शिजवून जात नाही.

चॉकलेट जितकं काळं तितकं घातक. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेला च्युइंगगम किंवा टूथपेस्ट त्याहून वाईट, रक्तातली साखर अर्ध्या तासात खाली येऊ शकते. तंबाखूचं वेगळं सांगायला हवं, कारण निपाणीकडे ती परसात वाळत असते आणि बाकी ठिकाणी खिशात. बिडीचं थोटूक, तंबाखूची पुडी पिल्लाच्या तोंडाच्या उंचीवर राहता कामा नये. चहात बुडवलेलं बिस्कीट मी अज्जांकडून बंद करवलं, तेव्हा ते आठ दिवस माझ्याशी तुटक बोलत होते.

चघळायच्या वस्तू घेताना त्यात नख रोवून बघा. नखाचा व्रणही उठत नसेल तर ती कुत्र्याच्या दाढेलाही जास्तच कडक आहे, दाढ तडकते. आणि चघळताना जवळ माणूस हवा.

गल्लीतल्या कुत्र्यांना

टपरीवरून पुडा घेऊन चार कुत्र्यांत बिस्किटं उधळणं हे आपल्याकडे पुण्याचं काम आहे. पुण्यच करायचं तर भात-अंडं किंवा भाकरी-ताक द्या, बिस्किटं नकोत. ठरलेल्या वेळी, शाळेच्या वाटेपासून आणि दुसऱ्यांच्या दारापासून दूर, जमिनीवर ठेवून मागे सरा. अनोळखी कुत्र्याला हातातून भरवू नका आणि मुलांना तर मुळीच भरवू देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात कुत्र्यांना खायला घालण्यासाठी नगरपालिकांनी जागा ठरवून द्याव्यात, रस्त्यात कुठेही घालू नये असं सांगितलं आहे. तुमच्या वॉर्डात अशी जागा ठरली आहे का, ते नगरसेवकाला किंवा पालिकेत विचारा.

चुकून पोटात गेलंच तर

लक्षणांची वाट बघत बसायचं नाही. द्राक्षं खाल्लेलं कुत्रं पहिले काही तास अगदी खेळतं असू शकतं. मीठ-पाणी पाजून उलटी काढायचा घरगुती उपाय करू नका, मिठानेच जीव जाऊ शकतो. डॉक्टरांना फोन करून चार गोष्टी सांगायच्या: कुत्र्याचं वजन, काय खाल्लं, अंदाजे किती, किती वाजता. पाकीट किंवा उरलेला तुकडा बरोबर न्यायचा. उलटी काढायची की नाही ते तेच ठरवतील.

आमच्या फ्रिजवर एक चिठ्ठी आहे. तिच्यावर गुंड्याचं ताजं वजन (आता साडेपंधरा), नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर आणि खाली दुसरा एक नंबर, रविवारी आणि रात्री फोन उचलणाऱ्याचा. हा दुसरा नंबर शोधायला मला तीन फोन करावे लागले. तुम्ही तो आजच, कुत्रं ठणठणीत असताना शोधून लावा.